टर्नर ट्रेडमधल्या आम्ही दोघी

प्रवेशाची यादी लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली. टर्नर ट्रेडच्या वीस नावांत एक नाव मुलीचं होतं. भोपाळच्या एका सरकारी आयटीआयमध्ये मी टर्नरची प्रशिक्षक म्हणून लागले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत माझ्या लेथवर, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर, शिकायला मुलगी कधी उभी राहिली नव्हती. मुली यायच्या त्या शिवणकामाला, कॉम्प्युटरला, फार तर इलेक्ट्रॉनिक्सला. आमच्या शेडकडे त्या वळल्याच तर एखादं ऑफिस कुठे आहे ते विचारायला.

नावापुढचं आडनाव मराठी होतं. त्या दिवशी मी घरी आले, चहा केला आणि कप हातात धरून बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. सांगावं असं कुणी नव्हतं. बाबा आधीच गेले होते, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. भाऊ पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "अरे वा, छान," आणि पाण्याच्या टाकीचं काय झालं ते विचारलं असतं.

मी स्वतः याच शहरात, दुसऱ्या एका आयटीआयमध्ये टर्नर शिकले. बाबा नाशिकहून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून लागले होते. आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि निवृत्तीनंतर त्यांनी सोनागिरीत हे घर घेतलं. बाबांचं बघून मला लेथचं वेड लागलं. माझ्या वेळी वर्गात मी एकटीच मुलगी होते. आमचे सर मनाने फार चांगले. मी मशीनजवळ गेले की म्हणायचे, "बेटा, तू रहने दे, हाथ कट जाएगा." मग ते माझा जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचे आणि मला सगळ्यांच्या वह्या नीट लिहायला बसवायचे. माझं अक्षर सुंदर होतं, असं ते सगळ्यांना सांगत. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की मी मशीन चालू करायची आणि वीस मिनिटांत जमेल तेवढं शिकायची. त्यांच्या त्या मायेने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणाच्या टिंगलीने केलं नाही.

म्हणून त्या खिडकीशी उभी राहून मी ठरवलं, हिला मी कसलीही सवलत देणार नाही. मुलांना जे, तेच हिला.

मुलगी सडपातळ होती, सतरा-अठरा वर्षांची. केस घट्ट बांधून, कामाच्या जाड डांगरीच्या बाह्या मनगटापर्यंत नीट दुमडून यायची. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी तिचं नाव घेतलं. "प्रेझेंट, मॅडम," ती म्हणाली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली, जणू मी पुढे आणखी काही बोलणार आहे. मी पुढचं नाव घेतलं.

मी तिच्याशी कधी मराठीत बोलले नाही. वर्गात सगळे हिंदी बोलणारे. तिच्याशीच मराठी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पोरांनी 'मॅडम की रिश्तेदार' असं नाव पाडलं असतं. तिचा जॉब चुकला की मी सगळ्यांसमोर परत करायला लावायची. लेथवर तुकडा आवळून धरणारा जड चक उचलून बसवायची पाळी आली तेव्हा दोन मुलं पुढे झाली. मी त्यांना मागे केलं. तिने तो एकटीने बसवला. तिचा हात फार चांगला होता, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. लेथच्या कापणाऱ्या टूलला धार लावताना ती आवाजावरून ओळखायची की कोन बरोबर येतोय की नाही. हे शिकवून येत नाही. मी तिला तसं एकदाही म्हटलं नाही.

पोरं वाईट नव्हती, हे मला आधीच सांगायला हवं. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी भिंतीवर काही लिहिलं नाही. तिच्या शेजारच्या लेथवर उभं राहायला कुणी फारसं राजी नसायचं, एवढंच. कुणाचं नाव तिच्याशी जोडलं जाऊ नये म्हणून ते बिचारे जपून असायचे. डबे खायला सगळे बाहेर निंबाच्या झाडाखाली जायचे. ती शेडमध्येच, खिडकीजवळच्या बाकावर बसायची.

मी जेवायची टूलरूममध्ये. स्टाफरूममध्ये इतर ट्रेडचे पाच सर बसतात. मी आत गेले की ते खुर्ची देतात, पंखा वाढवतात आणि त्यांच्या गप्पा थांबतात. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं की मी उठून गेल्यावर दार लागायच्या आत ते पुन्हा हसायला लागतात. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी माझी खुर्ची टूलरूममध्ये नेली ती नेलीच. टूलरूम आणि तिचा बाक यांच्यामध्ये एक भिंत होती. तिच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला ऐकू यायचा.

नोव्हेंबरात एकदा ती डबा घेऊन टूलरूमच्या दाराशी आली.

"मॅडम, इथे बसू?"

मराठीत विचारलं. मी हिंदीत उत्तर दिलं, "नहीं, बाहर बैठो. लड़के क्या समझेंगे?"

"जी," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, मी तिला एका मोठ्या धोक्यातून वाचवलं. 'मॅडमची चमची' हा शिक्का बसला असता तर तिचं खरं कौशल्यही कुणी मानलं नसतं. तेव्हा मी हा विचार अगदी मनापासून करत होते. डबा मात्र मी अर्धाच खाल्ला, तेही खरं आहे.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत वीज कपातीमुळे प्रॅक्टिकलची वेळ दहाऐवजी आठची झाली. मी वर्गाच्या मॉनिटरला सांगितलं, त्याने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आठ वाजता एकोणीस मुलं आली. ती दहाला आली, नेहमीसारखी, डांगरी घालून. आतल्या सगळ्यांचे जॉब अर्धे झाले होते.

मी चिडले. इतर कुणी उशिरा आलं असतं तर मी इतकी चिडले नसते, हे आता कळतं. मला वाटलं, हिच्यामुळे मला मान खाली घालावी लागणार; सगळे म्हणणार, बघा, मुलगी आहे म्हणून उशिरा आली तरी चालतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "यह सिलाई की क्लास नहीं है कि जब मन किया आ गए." गैरहजेरी लावली आणि तिला बाहेर उभं केलं.

मला उलट उत्तराची अपेक्षा होती. निदान रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त चष्मा काढून पुसला आणि बाहेर गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

पहिल्या आठवड्यात मला राग होता. दुसऱ्या आठवड्यात मी रोज सकाळी गेटकडे बघायला लागले. तिसऱ्या आठवड्यात फिटरचे सर टूलरूमशी थांबले आणि म्हणाले, "मैडम, आपकी लड़की नहीं आ रही?" 'आपकी लड़की' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. त्या दिवशी संध्याकाळी मी रजिस्टरमधून तिचा पत्ता काढला.

पत्ता माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवरचा निघाला. दीड वर्ष आम्ही एकाच भाजीवाल्याकडून भाजी घेत असू कदाचित. तिचे वडील शाळेची व्हॅन चालवतात. दारात पिवळी व्हॅन उभी होती. आईने दार उघडलं. मी मराठीत ओळख सांगितली तशी त्या बाई मोकळ्या झाल्या. उज्जैनच्या होत्या. "या ना, या. पोरगी आत आहे. काय झालं ते सांगतच नाही आम्हाला. म्हणते, मन नाही लागत."

ती आतून आली, मला बघून दचकली. आई चहा करायला गेली.

"येत का नाहीस?" मी विचारलं. मराठीत.

ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी बोलता, हे मला नावावरून माहीत होतं. पहिल्या दिवसापासून मी वाट बघत होते की कधी बोलाल."

मी विषय बदलला. मी विचारलं, "पोरांनी त्रास दिला?"

"नाही."

"मग त्या दिवशी उशीर का झाला?"

"टाइम बदलला हे मला माहीतच नव्हतं. मी ग्रुपमध्ये नाहीये. मुलं म्हणाली, त्यात काहीही येत असतं, जोक वगैरे, तू नको. त्यांचं पण बरोबर होतं. एरवी मी संध्याकाळी निघताना बोर्ड बघायची. आदल्या दिवशी बोर्डवर नव्हतं."

बोर्डवर नव्हतं, कारण मी लिहिलं नव्हतं. ग्रुप आहे म्हणून मी बोर्डवर लिहिणं कधीच सोडलं होतं. मॉनिटर आपल्या मनाने कधी लिहायचा, कधी नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? सगळे बघत होते." थोडा वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमच्या रागाने नाही सोडलं, मॅडम. खरं सांगू? तिथे कुणी माझ्याशी बोलतच नव्हतं. वाईट पण नाही, अच्छं पण नाही. काहीच नाही. सकाळी प्रेझेंट म्हणायचं आणि मग संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. घरी येऊन आईला पाणी मागितलं की माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटायचा. आता इथे कोपऱ्यावर बुटीकमध्ये जाते. सहा जणी आहोत. दिवसभर बडबड चालते. काम मला आवडत नाही, पण चांगलं वाटतं."

आई चहा घेऊन आली. चहा पिताना मला आठवत होतं की आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मीसुद्धा घरी येऊन भांडी घासताना मोठ्याने काहीतरी बोलायची. काहीही. 'आता कढई', 'आता डबा'. आवाज आहे की गेला ते बघायला. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिलाही त्या दिवशी सांगितलं नाही. पण निघताना दारात चपला घालता घालता म्हटलं, "माझं चुकलं. बोर्डवर मी लिहायला हवं होतं. आणि डबा घेऊन तू आलीस तेव्हाही चुकलंच."

ती म्हणाली, "मी विचार करते."

चार दिवसांनी ती आली. पण तिची हजेरी इतकी घटली होती की परीक्षेला बसता येणं अवघड. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. भरपाईचे तास घेतले आणि त्यांची नोंद ठेवली तर वर लिहून बघता येईल. "पर रविवार को कौन आएगा, मैडम?" मी म्हटलं, मी येईन.

मार्च-एप्रिलचे सात रविवार आम्ही दोघी त्या शेडमध्ये होतो. चौकीदार गेट उघडून जायचा. पत्रा तापायचा, आणि बाकी सगळ्या मशीन बंद असताना एकच लेथ चालू असायची. मी तिच्याशी भरभरून बोलले असं झालं नाही. मला सवय नव्हती आणि तिलाही माझी भीती होतीच. पण बोललो. ती सांगायची, उज्जैनच्या आजोळी कसे सगळे अर्धं वाक्य हिंदीत अर्धं मराठीत बोलतात. मी तिला वह्या लिहून घेणाऱ्या माझ्या सरांबद्दल सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणून मला चक उचलू दिला ना. मला तेव्हा तुमचा खूप राग आला होता. पण आता कुठलाही चक बघितला की भीती नाही वाटत." दुपारी आम्ही टूलरूममध्ये एकाच वर्तमानपत्रावर डबे ठेवून जेवायचो. तिच्या आईच्या हातच्या लसणाच्या चटणीची चव मला अजून आठवते. आठवडाभर मी त्या रविवाराची वाट बघायची, हे कबूल करायला मला संकोच वाटतो. मी पन्नाशीला आले होते, ती एकोणीसची.

पोरांनाही मी एक दिवस सरळ सांगितलं की ग्रुपवर फक्त कामाचं येईल आणि सगळे वीस जण त्यात असतील. मॉनिटर म्हणाला, "मैडम, हमने सोचा उसी को बुरा लगेगा." खरंच तसंच वाटलं असेल त्याला. मी सोडून दिलं.

वरून परवानगी आली आणि ती पास झाली. वर्गात दुसरी आली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण जूनमध्ये गोविंदपुऱ्यातल्या एका लहान वर्कशॉपच्या मालकाचा मला फोन आला. त्यांना लेथवर माणसं हवी होती. मी तिचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "लड़की? चलिए, एक को रखकर देखते हैं. ठीक रहा तो आगे सोचेंगे."

'एक को' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी उसळलं. त्या वर्कशॉपमधल्या चौदा पुरुषांत पुन्हा ती एकटी. पुन्हा तोच बाक. मी म्हटलं, "एक नहीं भेजूँगी. दो रखिए, नहीं तो रहने दीजिए." दुसरी मुलगी माझ्याकडे नव्हती, आणखी दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या आयटीआयमधून शोधेन असं मनात होतं. ते म्हणाले, "तो रहने दीजिए." फोन ठेवला.

मला स्वतःचा अभिमान वाटला. मी तिला फोन करून सांगितलंसुद्धा, की बघ, मी तुला एकटीला टाकलं नाही.

"मॅडम, पगार किती देत होते?"

"ते विचारलं नाही."

"मला एकदा विचारायचं तरी होतं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आधी तुम्ही ठरवलं की मी एकटीच बसायचं. आता तुम्ही ठरवलं की मी एकटी नाही जायचं. दोन्ही वेळा माझंच ठरवलं, आणि मला विचारलं नाही."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या वर्कशॉपमध्ये गेली, मालकाला म्हणाली की मॅडमचं सोडा, मी आले आहे, एक जॉब करून दाखवते. हे मला फिटरच्या सरांकडून कळलं. त्यांचा भाचा तिथे होता. तिने जॉब केला आणि तिला ठेवून घेतलं.

मला तिने कळवलं नाही. मीही फोन केला नाही. काय म्हणणार होते? रविवार पुन्हा पूर्वीसारखे झाले. भावाचा फोन, टाकी, आठवड्याचे कपडे. त्या वर्षीच्या प्रवेशासाठी मी मुलींच्या तीन शाळांत जाऊन बोलले. एका शाळेत बाईंनी मला दहा मिनिटं दिली आणि मुलींना सांगितलं की ऐकून घ्या, मग होम सायन्सचा तास आहे. फिटरला दोन मुली आल्या. टर्नरला एकही नाही. फिटरच्या त्या दोघी निंबाखाली, मुलांपासून जरा लांब, एकाच डब्यातून खायच्या आणि खिदळायच्या. मी जवळून गेले की उठून उभ्या राहायच्या. "बसा, बसा," म्हणून मी पुढे जायची.

सहा-सात महिने गेले. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ती. अंगावर जाड जॅकेट, हातात कागदाची गुंडाळी. तिच्या तर्जनीच्या नखाखाली काळं साचलं होतं, ते निघत नाही, मला माहीत आहे.

"मॅडम, वेळ आहे?"

मी बाजूला झाले. ती आत आली आणि रागाबद्दल, नोकरीबद्दल काही न बोलता तिने कागद टेबलावर पसरला. पितळेचं एक बुश होतं, म्हणजे पातळ भिंतीची नळीच म्हणा. चकमध्ये आवळून आतून कापलं की माप बरोबर येतं. चकमधून सोडवलं की भोक गोल राहत नाही, चकचे तीन जबडे, म्हणजे जॉ, लागतात तिथे दबतं.

"बाहेरून चिरलेली रिंग घालून धर, दाब सगळीकडे सारखा बसेल," मी म्हटलं.

"ते केलं. फरक पडला, पण पूर्ण नाही. चार पीस वाया गेले."

"तिथे कुणाला विचारलंस का?"

"विचारलं की सांगतात. चांगले आहेत लोक. पण सांगताना हातातून काम काढून घेतात, 'ला, मैं कर देता हूँ.'" ती कागदाकडेच बघत होती. "तुम्ही नाही घेणार."

मी चष्मा लावला. आम्ही बसलो. मी म्हटलं, शेवटचा कट घ्यायच्या आधी चक सैल करून बघितलास का? सैल कर, पीसला मोकळं होऊ दे, मग अगदी हलकं आवळ आणि तेव्हा शेवटचा कट घे. ती म्हणाली, हलकं आवळलं तर पीस फिरेल. मी म्हटलं, कट बारीक ठेवलास तर नाही फिरणार. तिने डोकं हलवलं, मग म्हणाली, नाही, तरी माझ्या मशीनवर फिरेल, तिचे जॉ झिजलेत. पण रिंगची चीर मी जॉच्या बरोबर खाली येऊ देत होते, ती दोन जॉच्या मधल्या जागेत आणली तर? हे मला सुचलं नव्हतं. बाबांनाही सुचलं असतं की नाही कोण जाणे. आम्ही वर्तमानपत्राच्या मार्जिनवर रिंग काढली, खोडली, पुन्हा काढली. अकरा वाजून गेले. चहा करायचा राहिला.

जाताना ती दारात थांबली. "तिथे अजून एकटीच आहे मी," म्हणाली. "पण स्टोअरचे काका बोलतात. आणि आता मी पण बोलते, कुणी बोलो न बोलो."

"बरं करतेस," मी म्हटलं. आणखी काही म्हणावंसं वाटत होतं. ती स्कूटी वळवून गेली.

सोमवारी दुपारी फोनवर एक फोटो आला. तेलकट हातावर ठेवलेलं पितळेचं बुश. खाली एक अक्षर नाही. टूलरूमच्या दारात उजेडाला जाऊन मी तो मोठा करून बघितला. मग लिहिलं, 'चकमधून सोडल्यावर माप किती आलं?'

थोड्या वेळाने तिने तिन्ही बाजूंची मापं पाठवली. तिन्ही सारखी होती.